हस्कीचं पिल्लू निवडताना: निळ्या डोळ्यांआधी आई-बापांचे कागद

प्रश्न असा आहे की आठ आठवड्यांचं, निळ्या डोळ्यांचं पिल्लू पसंत पडलंय, तर ते शुद्ध आणि निरोगी आहे हे कसं ओळखायचं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. नोंदणीचा कागद आई-बाप कोण ते सांगतो, तब्येतीबद्दल काही सांगत नाही.

डोळ्यांचा रंग आधी बाजूला ठेवा. तपकिरी, निळे, एक तपकिरी आणि एक निळा, सगळे चालतात, आणि निळा रंग संकरातही उतरतो. त्यापेक्षा आईला उभी करून मोजा. सायबेरियन हस्कीची मादी खांद्यापाशी साधारण 51 ते 56 सेंमी आणि 16 ते 23 किलो, नर 53 ते 60 सेंमी आणि 20 ते 27 किलो. आईच धिप्पाड असेल तर मॅलम्यूटची (हस्कीसारखीच दिसणारी पण मोठी जात) भेसळ असू शकते. ‘मिनी हस्की’ नावाची मान्य जात नाही. लांब झुपकेदार केसांचं पिल्लू ‘दुर्मिळ’ म्हणून महाग विकतात. जातीच्या मानकात तो दोष धरतात.

या जातीत खरी भीती डोळ्यांच्या आजारांची. अनुवंशिक मोतीबिंदू बहुधा काही महिन्यांनंतर दिसू लागतो, त्यामुळे आज डोळे लख्ख आहेत याला फारसा अर्थ नाही. दृष्टिपटल झिजवणारा एक आजार आईकडून मुलग्यांत येतो: वाहक आईला नीट दिसतं, पण तिच्या प्रत्येक नर पिल्लाला तो होण्याची शक्यता पन्नास टक्के असते. म्हणून आई-बाप दोघांचाही, नेत्रतज्ज्ञ पशुवैद्याने वर्षभरात दिलेला दाखला मागा. सोबत खुब्याच्या एक्स-रेचा अहवाल हवाच. ओएफए या अमेरिकी संस्थेच्या (कुत्र्यांच्या हाडा-सांध्यांची तपासणी नोंदवणारी) पद्धतीत खुब्याची अंतिम श्रेणी 24 महिन्यांआधी मिळत नाही, तेव्हा दीड वर्षाच्या आईचा ‘अंतिम’ अहवाल कोणी पुढे केला तर तो ओएफएचा नाही हे उघड आहे.

पिल्लू बघायला जेवणाआधी जा. खाल्ल्यावर सगळ्यांचीच पोटं टम्म दिसतात. उपाशीपोटीही ढेरी तशीच असेल तर जंत धरून चाला. ओठ उचलून हिरडी अंगठ्याने दाबा: पांढरी पडून दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. बेंबीवर मऊ फुगवटा म्हणजे हर्निया, बहुतेकदा किरकोळ, पण डॉक्टरांना दाखवा. नराचे दोन्ही वृषण हाताला लागतायत का बघा. शेपटीखाली चिकट घाण असेल तर सगळ्याच पिल्लांची शी बघा. एकाला पार्व्हो (जुलाब-उलट्यांचा संसर्गजन्य विषाणूजन्य आजार) झाला असेल तर धोका अख्ख्या वेताला असतो. कान अजून पडलेले असले तर काळजी नको, ते मागाहून उभे राहतात.

आठ आठवड्यांआधी पिल्लू उचलू नका. लसीच्या कार्डावर तारीख, बॅच नंबर आणि डॉक्टरांची सही तपासा, मायक्रोचिप स्कॅन करून नंबर कागदाशी जुळवा. आईला भेटू देत नसतील तर परत फिरा, कारण काहीही सांगोत.