पैशाचे प्रश्न : क्रेडिट कार्डाचा अर्ज नेमका कुठे अडतो?

जळगाव, धुळे, नंदुरबार अशा तिन्ही जिल्ह्यांतून आलेल्या बऱ्याच पत्रांत या वेळी एकच गाऱ्हाणं आहे. कार्डासाठी अर्ज केला, दोन दिवसांत ‘सध्या आपला अर्ज मंजूर करता येत नाही’ असा मेसेज आला आणि कारण काही कळलं नाही. पत्रं थोडी आटोपशीर करून उत्तरं देत आहोत.

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. क्रेडिट स्कोअर (कर्जफेडीच्या नोंदीवरून मिळणारे गुण) ७९०, आजवर एकही हप्ता चुकलेला नाही. पगारातून सोसायटीच्या (नोकरदारांच्या पतसंस्थेच्या) कर्जाचे ९,००० कापून ५३,००० खात्यावर येतात. घराचा हप्ता १९,५०० आणि गाडीचा ३,२००. एवढं सगळं चोख असून नकार का? – एक शिक्षक, अमळनेर

स्कोअर चांगला असला की माणूस दारातून आत येतो, पंगतीत बसेलच असं नाही. अर्जात पॅन भरलं की बँकेची यंत्रणा काही सेकंदांत क्रेडिट अहवाल (तुमच्या कर्जांचा आणि फेडीचा लेखाजोखा) मागवते आणि स्कोअर तिच्या किमान आकड्यावर आहे का ते बघते. त्यानंतर वय, पिनकोड, नोकरीचा प्रकार आणि आधीची कार्डं तपासली जातात. तुमचं घोडं बहुधा याच्या पुढच्या पायरीवर अडलं असावं. ती पायरी म्हणजे उत्पन्नातला किती भाग आधीच हप्त्यांत अडकला आहे, हे बघणं.

सोसायटीची कपात धरली नाही तर तुमचा पगार ६२,०००. हप्ते १९,५०० अधिक ३,२०० अधिक ९,०००, म्हणजे ३१,७००. हे प्रमाण ५१ टक्के झालं. बऱ्याच बँका ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान कुठेतरी रेघ ओढतात. सोसायटीचं कर्ज क्रेडिट अहवालात बहुधा दिसत नाही, म्हणून लोक ते हिशेबात धरत नाहीत. पण पगारपत्रकावर कपातीचा रकाना असतो आणि अर्जासोबत तेच पगारपत्रक जातं. गाडीचं कर्ज फेडलं तर प्रमाण ४६ टक्क्यांवर येईल. सोसायटीचंही फिटलं तर थेट ३१ टक्क्यांवर. नव्या अर्जाची घाई करण्यापेक्षा आधी ही दोन कर्जं संपवा, आणि पुढचा अर्ज पगाराचं खातं असलेल्या बँकेतच करा. तिथे तुमचा दर महिन्याचा पगार त्यांना कागदाशिवाय दिसतो.

आता कारणाचं. अर्ज नाकारला तर त्याचं मुख्य कारण लेखी कळवावं, असं रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये कार्डांबाबत काढलेल्या निर्देशांत आहे. ‘अंतर्गत धोरण’ एवढ्यावर गप्प बसू नका. अर्ज क्रमांक घालून ग्राहक सेवेला ई-मेल करा आणि मुख्य कारण लेखी मागा. कार्ड द्यायचं की नाही हा मात्र बँकेचा व्यावसायिक निर्णय असतो, त्यावर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे) दाद लागत नाही. शिवाय नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं कार्डांवरच्या येणे रकमेचा जोखीम भार बँकांसाठी १२५ वरून १५० टक्के केला. म्हणजे तेवढ्याच उधारीमागे बँकेला जास्त भांडवल बाजूला ठेवावं लागतं, आणि साहजिकच तिचा हात आखडता होतो.

रावेर तालुक्यात आठ एकर केळी आहे, घरात सोनं आहे. कर्ज फक्त पीककर्ज, तेही दरवर्षी नवं-जुनं (जुनं फेडून लगेच नवं) करतो. बँक म्हणते, उत्पन्नाचा पुरावा नाही. सातबारा पुरावा नाही का? – एक शेतकरी

सातबारा जमिनीचा पुरावा आहे, उत्पन्नाचा नाही. जमीन तारण ठेवून कर्ज घेताना तो कामाला येतो. कार्ड बिनतारणी असतं, त्यामुळे जमीन आणि सोनं दोन्ही बँकेच्या हिशेबाबाहेर राहतात. बँकेला हवा असतो खात्यावर येणारा पैसा. केळीचा माल कटला की पैसा एकदम येतो, त्यातला काही रोखीनं हातात पडतो आणि पासबुकावर आठ-आठ महिने काहीच दिसत नाही. व्यापाऱ्याकडून सगळी रक्कम खात्यावर घ्यायला लागा. शेती उत्पन्नावर प्राप्तिकर नसला तरी विवरणपत्र भरता येतं. शेती उत्पन्न ५,००० रुपयांच्या वर असेल तर विवरणपत्राचा आयटीआर-१ हा नमुना चालत नाही, बहुधा आयटीआर-२ लागतो. सलग दोन वर्षांची विवरणपत्रं हाताशी असली की तुमचा अर्ज निदान वाचला तरी जाईल.

पण सगळ्यात सोपी वाट वेगळीच आहे. मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड घ्या. बँकेत ५०,००० ची ठेव केली तर साधारण ७५ ते ९० टक्के, म्हणजे ३७,५०० ते ४५,००० पर्यंत मर्यादा मिळते. उत्पन्नाचा कागद सहसा मागत नाहीत. ठेवीवर व्याज चालू राहतं, फक्त कार्ड आहे तोवर ती मोडता येत नाही. पतसंस्थेतली ठेव यासाठी चालणार नाही, ठेव कार्ड देणाऱ्या बँकेतच हवी.

नवं-जुनं करताना तारीख बघता का? ३१ मार्चची मुदत असताना पैसे २० एप्रिलला भरले, तर आपल्या लेखी ते ‘वर्षाचं वर्षाला’ असतं. अहवालात मात्र त्या महिन्याच्या रकान्यात उशिराचे दिवस उमटू शकतात. वेळेवर फेड केल्याची ३ टक्के व्याज सवलत जाते ती वेगळीच. आणि कर्जमाफी येईल म्हणून भरणा थांबवणाऱ्यांची थकबाकी अहवालात महिनोन्‌महिने वाढत जाते. २०१७ किंवा २०१९ च्या कर्जमाफीत ज्यांचं कर्ज माफ झालं, त्यांनी एकदा अहवाल उघडून बघावा. खातं बंद दिसत नसेल तर शाखेतून निल दाखला (काही देणं उरलं नसल्याचा) घ्या आणि नोंद दुरुस्त करायला लेखी अर्ज द्या.

जळगाव एमआयडीसीत नोकरीला लागून वर्ष झालं, आधी कधी कर्ज नाही. एकानं नाकारलं म्हणून दुसरीकडे, असं दहा दिवसांत सहा ठिकाणी अर्ज केले. सगळीकडे नकार. – वय २३

पहिल्या नकाराचं कारण बहुधा असं की तुमचा इतिहासच नाही. अशा अहवालात स्कोअरच्या जागी ‘एनएच’ (नो हिस्टरी, म्हणजे इतिहास नाही) किंवा उणे १ दिसतं. ही वाईट पत नव्हे, कोरी पाटी आहे. पण कोऱ्या पाटीवर तुम्ही स्वतःच सहा रेघा मारल्या. प्रत्येक अर्जागणिक बँक अहवाल मागवते आणि त्याची चौकशी म्हणून नोंद राहते. बँकेचं नाव, तारीख आणि काय मागितलं, सगळं त्यात असतं. सातव्या बँकेला दिसतं की हा माणूस दहा दिवसांत सहा दारं फिरून आलाय, आणि ती पैशाची चणचण आहे असा अर्थ काढते.

आपला अहवाल आपणच काढला तर स्कोअरला धक्का लागत नाही. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या क्रेडिट अहवाल बनवणाऱ्या चारही कंपन्यांकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. ‘प्री-अप्रूव्ह्ड’ (आधीच मंजूर) असा मेसेज आला तरी ती जाहिरात समजा. खरी तपासणी अर्जानंतरच होते.

आता सहा महिने अर्ज बंद. त्या काळात ठेवीवरचं कार्ड काढा. २०,००० ची मर्यादा असेल तर महिन्याला चार-पाच हजारांच्या वर जाऊ नका आणि बिल पूर्ण भरा. ‘किमान देय रक्कम’ भरून खातं नियमित राहतं, पण उरलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. वर्षाला ते ४० टक्क्यांच्या वर जातं. मोबाइलवर झटपट कर्ज देणाऱ्या ॲपांपासून मात्र लांब राहा. तिथलं तीन हजारांचं कर्जसुद्धा अहवालात कर्ज म्हणूनच येतं.

२०२१ मध्ये कार्डाचे ४२,००० थकले होते. बँकेशी बोलून १८,००० भरले, पत्र मिळालं. आता सगळे नाकारतात. – चाळीसगाव

तुमच्या दृष्टीनं प्रकरण मिटलं, अहवालात मात्र ‘सेटल्ड’ असा शेरा आहे. त्याचा अर्थ २४,००० बँकेनं सोडून दिले. नवी बँक तोच शेरा आधी वाचते. जुन्या बँकेला लेखी विचारा, ‘उरलेली रक्कम भरली तर खातं बंद अशी नोंद पाठवाल का आणि थकबाकी नसल्याचा दाखला द्याल का?’ होकार कागदावर आल्याशिवाय रुपया भरू नका. तोंडी आश्वासनावर भरलेल्या पैशाची पावती मिळते, पण शेरा जागेवरच राहतो.

मित्राच्या ट्रॅक्टरला जामीन राहिलो. तो हप्ते भरत नाही. याचा माझ्या कार्डाशी काय संबंध? – चोपडा

पुरता संबंध आहे. कायद्यानं जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. ते कर्ज तुमच्याही अहवालात जामीनदार म्हणून दिसतं आणि मित्राची थकबाकी तुमच्या नावासमोर येते. केवळ अर्ज देऊन जामिनातून नाव निघत नाही. बँकेला पटेल असा बदली जामीनदार किंवा तारण द्यावं लागतं. तोवर त्या कर्जाचा उतारा दर तिमाहीला मागून बघत राहा. मित्राचा एखादा हप्ता तुम्ही भरलात तर पावती जपून ठेवा, ते पैसे त्याच्याकडून वसूल करायचा हक्क तुम्हाला आहे.

अहवालात एका सहकारी बँकेचं कर्ज दिसतं, मी ते घेतलेलंच नाही. – पारोळा

आपल्याकडे हे होतं, आणि त्याचं कारण अगदी गावचं आहे. एका गावात एकाच नावाचे दोन-तीन पाटील असतात, वडिलांचं नावही जुळतं. त्यात जुन्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून जन्मतारीख टाकलेली. जुन्या कर्जाला पॅन जोडलेलं नसेल तर नाव, जन्मतारीख आणि पत्ता यांवरून जुळणी होते आणि दुसऱ्याचं कर्ज तुमच्या खाती चढतं.

अहवालाच्या वरच्या भागात पॅन, जन्मतारीख, पत्ते आणि मोबाइल नंबर असतात. त्यातला कोणता नंबर किंवा पत्ता तुमचा नाही ते आधी टिपा, घोळ तिथेच सापडतो. मग अहवालावरचा कंट्रोल नंबर घेऊन तो अहवाल देणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा, त्याला पैसे लागत नाहीत. कंपनी स्वतःच्या मर्जीनं नोंद खोडू शकत नाही, ती बँकेला विचारते. म्हणून त्याच दिवशी बँकेच्या शाखेतही अर्ज द्या आणि पोच घ्या. बँकेला २१ दिवस आणि एकूण निपटाऱ्याला ३० दिवस आहेत. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरीही हललं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. अहवाल देणाऱ्या क्रेडिट माहिती कंपन्या १ सप्टेंबर २०२२ पासून लोकपाल योजनेत आहेत. मदतीचा क्रमांक १४४४८. एका कंपनीकडची नोंद सुटली म्हणजे चारही ठिकाणची सुटली असं धरू नका, चारही अहवाल तपासा.

कापडाचं दुकान आहे, वर्षाची विक्री २५ लाख. तरी ‘उत्पन्न अपुरं’ म्हणतात. – धुळे

विवरणपत्रात काय दाखवलंय ते बघा. प्राप्तिकरातल्या अंदाजित उत्पन्नाच्या सवलतीत (विक्रीच्या ठरावीक टक्क्यांवर उत्पन्न धरणं) रोख विक्रीवर ८ टक्के दाखवलं, तर २५ लाखांवर उत्पन्न झालं २ लाख, म्हणजे महिन्याला १६-१७ हजार. बँक विक्री बघत नाही, हाच आकडा बघते. ८ टक्के ही खालची मर्यादा आहे, खरा नफा जास्त असेल तर जास्त दाखवता येतो. कर थोडा जास्त बसू शकतो. चालू खात्याच्या बँकेत शिल्लक बरी राहत असेल तर आधी तिथेच विचारा.

एजंट म्हणतो, पाच हजारांत स्कोअर ८०० करून देतो. – भुसावळ

देऊ नका. खरी नोंद कुणालाही पुसता येत नाही आणि चुकीची नोंद फुकट दुरुस्त होते.

सुरतला कामाला आहे, आधारवर पत्ता नंदुरबार जिल्ह्यातल्या गावाचा. कार्ड कुठल्या पत्त्यावर मागू?

बँका सगळ्या पिनकोडवर कार्ड देत नाहीत, खेड्यांचे पिनकोड बरेचदा यादीत नसतात. म्हणून कामाच्या गावचा पत्ता सध्याचा पत्ता म्हणून द्या. त्याला नोंदणीकृत भाडेकरार किंवा स्वतःच्या नावाचं वीजबिल जोडा, गावचा पत्ता कायमचा म्हणून राहू द्या. नाव पॅन, आधार आणि पासबुक या तिन्हींवर अक्षरशः सारखं हवं. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी, कुठे वडिलांच्या नावाचं नुसतं अक्षर, एवढ्यावरही अर्ज अडकतो. आणि पडताळणीचा फोन अनोळखी नंबरवरून येतो. अर्जानंतर आठवडाभर तो उचला, पण ओटीपी किंवा पिन विचारला तर लगेच ठेवा. खऱ्या पडताळणीत ते विचारत नाहीत.