जीटीके आधीच असताना कंपाइल करताना ते ‘सापडत नाही’ असे का येते?

आपल्या उबुंटूवर जीटीकेवर (खिडक्या-बटणे दाखवणाऱ्या लायब्ररीवर) चालणारी सॉफ्टवेअरे व्यवस्थित चालतात, तरीही गिंप हे चित्र-संपादनाचे सॉफ्टवेअर सोर्सवरून कंपाइल करताना ‘नो पॅकेज जीटीके+-३.० फाउंड’ असे येते, आणि कोणीतरी आपल्याला जीटीकेचा सोर्स उतरवून ‘सुडो मेक इन्स्टॉल’ करायला सांगितले आहे. तेवढे मात्र करू नका.

पीकेजी-कॉन्फिग (कंपाइलच्या वेळी लायब्ररीचा पत्ता सांगणारी आज्ञा) जीटीकेची लायब्ररी शोधत नाही, तिची पीसी फाइल, म्हणजे त्या पत्त्याची नोंद, शोधते. ती फाइल आणि हेडर (लायब्ररीत काय आहे हे कंपाइलरला सांगणाऱ्या फाइली) डेबियन-उबुंटूत वेगळ्या डेव पॅकेजात असतात. म्हणून लिबजीटीके-३-डेव बसवा. पुढे एखादे हेडर अडले, तर ते कोणत्या पॅकेजात आहे हे एपीटी-फाइल सांगते.

मला सोर्सवरून बसवण्याचा हा सल्ला झोंबला, कारण मी तो भोगला आहे. २०१८ मध्ये गिंप २.१० आले, तेव्हा माझ्याकडे उबुंटू १६.०४ होते आणि त्यातली जीलिब २.४८ (जीटीके आणि गिंप जिच्यावर उभे आहेत ती पायाभूत लायब्ररी) नव्या गिंपला पुरेशी नव्हती. ज्यांनी मला लिनक्स शिकवले, त्या माझ्या थोरल्या मावसभावांनी नवी जीलिब कंपाइल करून थेट यूएसआर-लोकलमध्ये (हाताने बसवलेल्या सॉफ्टवेअरच्या सामाईक फोल्डरमध्ये) बसवली. गिंप उघडले, दादा खूश झाले. दुसऱ्या दिवशी लॉगिन केले तर वॉलपेपर मूळचा, मराठी कीबोर्ड गायब. पुन्हा लावावे, पुन्हा जावे. टर्मिनलवर जीसेटिंग्ज (डेस्कटॉपच्या सेटिंग सांभाळणारा जीलिबचा भाग) ‘मेमरी’ बॅकएंड वापरत असल्याचा, म्हणजे सेटिंग जतन होत नसल्याचा, इशारा येत होता. उबुंटूचा लोडर (सॉफ्टवेअर सुरू होताना लायब्ररी जोडणारा भाग) यूएसआर-लोकल आधी पाहतो, त्यामुळे सगळा डेस्कटॉपच आमच्या जीलिबवर चालू लागला होता. ती आपली मॉड्यूल स्वतःच्याच फोल्डरमध्ये शोधत होती, आणि तिथे सेटिंग डिस्कवर लिहिणाऱ्या डीकॉन्फचे मॉड्यूल नसल्याने कोणतीही सेटिंग डिस्कवर उतरतच नव्हती. दादांनी दोष उबुंटूला दिला आणि ‘स्वतः कंपाइल केल्याशिवाय लिनक्स कळत नाही’ हे वाक्य आजही ते मला ऐकवतात. माझे मत उलट आहे: पॅकेज बांधणाऱ्यांनी जे आधीच जुळवून ठेवले आहे, ते हाताने पुन्हा करण्यात शिक्षण कमी आणि हौस जास्त असते. ‘एपीटी बिल्ड-डेप गिंप’ ही एक आज्ञा त्या सगळ्या डेव पॅकेजांची यादी स्वतःच आणते.

अर्थात, त्यासाठी सोर्सेसच्या यादीत डेब-एसआरसी (सोर्स पॅकेजांची ओळ) चालू असावे लागते, आणि डेव पॅकेजांची ती यादी उबुंटूच्या भांडारातल्या गिंपसाठी असते, आपण उतरवलेल्या आवृत्तीसाठी नव्हे. भांडारातली लायब्ररी खरोखरच जुनी असेल, तर ती स्वतः बांधण्यावाचून गत्यंतर नाही. एवढ्यापुरते दादा बरोबर होते. पण मग प्रिफिक्स (बसवण्याची जागा) घरच्या फोल्डरमधला द्या आणि पीकेजी-कॉन्फिग व लोडर यांचे मार्ग फक्त त्या टर्मिनलपुरते बदला. काम बिघडले तर तो फोल्डर पुसता येतो. मला यूएसआर-लोकलमधून एकेक फाइल वेचून काढावी लागली, कारण दादांनी बिल्डचा फोल्डर आधीच पुसला होता आणि ‘मेक अनइन्स्टॉल’ चालवायला मेकफाइलच उरली नव्हती.