कासवाचा व्हिडिओ चालतो, आकडे चालत नाहीत

प्रश्न : नमस्कार, मी मरीन बायोलॉजी शिकतेय आणि समुद्री जीवांबद्दल सोशल मीडियावर लिहिते. अभ्यासातले आकडे टाकले की कुणी ढुंकून बघत नाही, जखमी कासवाचा फोटो टाकला की धडाधड शेअर होतो. मग आता रडवणाऱ्याच पोस्ट टाकू का?

उत्तर : टाका की, रडवण्यात वाईट काही नाही, फक्त माणूस रडला की त्याला पुढे काय सांगायचं ते आधी ठरवून ठेवा. २०१५ मधला तो व्हिडिओ आठवतोय ना, कोस्टा रिकाजवळ क्रिस्टीन फिगेनर आणि सोबतच्या संशोधकांनी ऑलिव्ह रिडले कासवाच्या नाकातून प्लॅस्टिकची स्ट्रॉ ओढून काढली तो? कोट्यवधी लोकांनी बघितला आणि स्ट्रॉबंदीच्या मोहिमांना जोर चढला. चांगलंच झालं. पण समुद्रातल्या प्लॅस्टिकमधे स्ट्रॉचा वाटा अगदीच किरकोळ आहे, आणि कासवं खरी मरतात ती मासेमारीच्या जाळ्यात, कारण कासवाला श्वास घ्यायला वर यावंच लागतं, ट्रॉलरच्या जाळ्यात अडकून ते जमलं नाही की ते चक्क बुडून मरतं. यावर उपायसुद्धा आहे, टीईडी म्हणतात त्याला, म्हणजे जाळ्यात तिरकी बसवलेली गजांची चौकट, कोळंबी गजांमधून मागे जाते आणि कासव गजांना अडून वरच्या किंवा खालच्या झडपेतून बाहेर पडतं. आता एवढं सगळं त्या फोटोखाली चार ओळीत लिहिलंत तर शेअर करणाऱ्याला नुसतं 'अरेरे' म्हणण्यापलीकडे काहीतरी मिळेल.

आणि दरवेळी जखमच कशाला दाखवायची? १९७० मधे जीवशास्त्रज्ञ रॉजर पेन यांनी हम्पबॅक व्हेलच्या गाण्यांची रेकॉर्ड काढली, त्यात रक्त नव्हतं की आकडे नव्हते, नुसते आवाज, आणि लोक वेडे झाले. १९८२ मधे आंतरराष्ट्रीय व्हेलिंग कमिशनने व्यापारी शिकार थांबवायचं ठरवलं त्यामागे अर्थातच बरंच काही होतं, एका रेकॉर्डला सगळं श्रेय देऊ नका, पण व्हेल म्हणजे तेलाचं पिंप नाही हे लोकांच्या डोक्यात शिरायला त्या गाण्यांनी मोठी मदत केली.

प्रश्न : २०४८ पर्यंत समुद्रातले मासे संपणार असं मी भाषणात सांगतो. एकाने सगळ्यांसमोर हे खोटं आहे म्हणून अडवलं. काय सांगू?

उत्तर : त्याचं बरोबर आहे, आकडा काढून टाका. हे आलं कुठून तर २००६ मधल्या बोरिस वर्म आणि सहकाऱ्यांच्या एका पेपरमधून. हाच कल पुढे चालू राहिला तर २०४८ च्या सुमारास पकडले जाणारे सगळे प्रकार कोसळलेले असतील असा तो हिशोब होता, आणि 'कोसळणं' म्हणजे आजवरच्या सगळ्यात मोठ्या वार्षिक पकडीच्या १० टक्क्यांच्या खाली जाणं. संपणं नाही! हेडलाइनमधे ते 'जर' गळालं आणि मासेही संपले. गंमत म्हणजे या पेपरवर सडकून टीका करणारे रे हिलबॉर्न नंतर वर्म यांच्याच सोबत बसले, २००९ मधे दोघांचा मिळून पेपर आला, त्यात नीट अभ्यासलेल्या १० पैकी ५ सागरी परिसंस्थांमधे मासेमारीचा दाब कमी झालेला दिसला. भाषणात हीच गोष्ट सांगा ना, भांडलेले दोन शास्त्रज्ञ एकत्र येतात, आणि जिथे मासेमारीला आवर घातला तिथे फरक पडतो हे दिसतं. तारीख वार देऊन प्रलय सांगितला की ती तारीख उलटल्यावर तुमच्या खऱ्या गोष्टीवर पण कुणी विश्वास ठेवत नाही.

प्रश्न : मुलांच्या मनातली शार्कची भीती कशी घालवायची?

उत्तर : शार्क गरीब असतो वगैरे सांगू नका, मुलं लगेच ग्रेट व्हाइटचा फोटो काढून दाखवतात. ५०० हून जास्त जाती आहेत आणि माणसाला धोका त्यातल्या मोजक्यांचाच, एवढंच सांगा. न डिवचता झालेल्या हल्ल्यात जगभरात वर्षाला सरासरी पाच-सहा माणसं मरतात, उलट १९७० पासून खुल्या समुद्रातले शार्क आणि रे (शार्कचे चपट्या अंगाचे भाऊबंद मासे) मिळून साधारण ७१ टक्क्यांनी घटले असं २०२१ च्या एका अभ्यासात आलं, कारण मासेमारी बेसुमार आणि यांना वयात यायलाच कित्येक वर्षं लागतात, पिल्लंही थोडी. आणि हो, शार्कपेक्षा नारळ डोक्यात पडून जास्त माणसं मरतात ते वाक्य कृपया वापरू नका, त्या आकड्याला काही आधार नाही.