जपानी दिग्दर्शक नागिसा ओशिमाचे चित्रपट पाहून तुमचं काय मत झालं? पाहावेत का?

पाहावेत. पण मी काही त्याचा भक्त झालेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो.

बहुतेकजण त्याच्याकडे वळतात ते 1976 च्या 'इन द रेल्म ऑफ द सेन्सेस'मधल्या उघड कामदृश्यांच्या बोभाट्यामुळे. मीही त्यातलाच. चित्रीकरण जपानमध्ये झालं, पण तिथे फिल्म धुतली असती तर कायद्याच्या कचाट्यात सापडली असती, म्हणून ती तशीच फ्रान्सला पाठवली. पुढे पटकथा आणि छायाचित्रांच्या पुस्तकावर अश्लीलतेचा खटला झाला आणि 1982 मध्ये ओशिमा कायमचा निर्दोष सुटला. अश्लील असलं तर बिघडलं काय, हा त्याचा पवित्रा मला पटतो. चित्रपटाने मात्र अर्ध्या वाटेत कंटाळा आणला. शिवाय बंडखोर म्हणून नाव झालं दिग्दर्शकाचं, नायक तात्सुया फुजी दोन वर्षांनी त्याच्याच चित्रपटात पुन्हा झळकला, आणि नायिका एइको मात्सुदाच्या वाट्याला आली ती बदनामी. हे मला अजून पचत नाही.

'डेथ बाय हँगिंग' (1968) मध्ये फाशी देऊनही कोरियन तरुण मरत नाही, त्याची स्मृती तेवढी जाते. गुन्हाच आठवत नाही त्याला पुन्हा लटकवणार कसं? मग तुरुंगातले साहेब लोक त्याचा गुन्हा त्याच्यासमोर नाटकासारखा करून दाखवतात, आणि शिक्षणाधिकारी तर असा रंगात येतो की खरा खुनी कोण असा प्रश्न पडावा. मी पोट धरून हसलो, मग हसल्याची लाज वाटली. जपानमधल्या कोरियन लोकांबद्दल इतकं रोखठोक तेव्हा कोण बोलत होतं? तरी इथेही मारल्या गेलेल्या मुली कोण होत्या, याचं कुणालाच पडलेलं नाही. दिग्दर्शकालाही नाही.

म्हणून विचाराल तर सुरुवात 'बॉय' (1969) पासून करा. खऱ्या घटनेवर बेतलेला. बाप आणि सावत्र आई दहा वर्षांच्या पोराला धावत्या गाडीसमोर झोकून द्यायला लावतात आणि अपघाताच्या नावाखाली ड्रायव्हरकडून पैसे उकळतात. पोरगं रडत नाही, तक्रार करत नाही. उत्तर जपानच्या होक्काइदोत ते बर्फाचा एक परग्रहवासी उभा करतं, धाकट्या भावाला त्याची गोष्ट सांगतं आणि मग स्वतःच त्याच्यावर धडका मारून तो मोडून टाकतं. भूमिका करणारा मुलगा अनाथाश्रमातून आणलेला होता. इथे ओशिमा भाषण ठोकत नाही, नुसता बघत राहतो.

1960 चा 'नाइट अँड फॉग इन जपान' मात्र शेवटी ठेवा. अमेरिकेशी झालेल्या सुरक्षा कराराविरुद्धचं आंदोलन माहीत नसेल, तर नुसतीच वादावादी वाटेल.