समुद्रात मासे किती हेच माहीत नसेल तर मर्यादा कशाच्या भरवशावर घालतात?

तुमचा प्रश्न असा आहे की समुद्रातले मासे कुणालाच मोजता येत नाहीत, मग शास्त्रज्ञ "धोका आहे" म्हणून मासेमारीवर मर्यादा घालतात ते कशाच्या जोरावर, हा सगळा अंदाजपंचे कारभार नाही का. मी औसा तालुक्यातला, मत्स्यशास्त्र शिकायला रत्नागिरीला गेलो होतो, पण ही गोष्ट मला खरी समजली ती आमच्या शेतातल्या बोअरमुळं, म्हणून तिथूनच सांगतो.

आमचा बोअर साडेचारशे फुटांचा, दोन इंची पाणी. आबा रोज सकाळी मोटार चालू केली की पाइपाच्या तोंडाशी हात धरायचे, धार हाताला जोरात लागली की म्हणायचे, पाणी हाय अजून. आम्ही ऊस लावला, शेजाऱ्यांनी आजूबाजूला चार बोअर घेतले, तरी तीन वर्षं धार तशीच, आणि मग एका मार्चात मोटार हवा ओढायला लागली, पाणी तुटक तुटक आलं आणि आठ दिवसांत पाइप कोरडा. खाली पातळी दरवर्षी उतरतच होती पण मोटार पाण्यात बुडालेली आहे तोवर धार हाताला जाणवेल इतकी काही कमी होत नाही, त्यामुळं धारेवरून पातळी कळतच नव्हती.

आता हेच कॅनडात न्यूफाउंडलंडच्या समुद्रात कॉड माशाचं झालं. तिथं साठ्याचा अंदाज बांधताना मोठ्या ट्रॉलरला, म्हणजे जाळं ओढत जाणाऱ्या बोटीला, किती मासा मिळतो यावर बराच भर होता, आणि ट्रॉलरला मासा मिळतच होता, कारण कॉड कमी झाले तसे उरलेले थव्यानं एका ठिकाणी गोळा व्हायचे आणि ट्रॉलर सोनार, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं शोधणारं यंत्र, लावून नेमका तोच थवा शोधायचे. किनाऱ्यावरचे छोटे मच्छीमार ऐंशीच्या दशकातच ओरडून सांगत होते की आमच्या जाळ्यात मासा कमी यायलाय, लहान यायलाय, त्यांचं वेळेत ऐकलं गेलं नाही. शेवटी २ जुलै १९९२ ला बंदी जाहीर झाली, ३०,००० च्या आसपास लोकांचा रोजगार गेला. बंदी दोन वर्षांसाठी म्हणून घातली होती, मधे थोडीफार मर्यादित मासेमारी चालू झाली, पण ती औपचारिकपणे उठायला २०२४ उजाडलं. मला वाचून खरंच वाईट वाटलं होतं, कारण आबांचा तो पाइपाशी धरलेला हात डोळ्यासमोर आला.

म्हणून पहिली गोष्ट अशी की आकडा नक्की नाही एवढ्यावर तो टाकाऊ ठरत नाही, पण तो कुठून आलाय आणि कोणत्या बाजूला चुकायची शक्यता जास्त आहे हे विचारावं लागतं. भूजलवाले जशी ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजतात तसंच समुद्रातही सर्वेक्षणाचं जहाज मासा कुठं जास्त आहे ते न बघता आधीच ठरवलेल्या पद्धतीनं जागा निवडून जाळं ओढतं, रिकामं आलं तर रिकामं लिहितात.

दुसरी गोष्ट, "धोका किती" हे आकड्यात मांडायचं कसं. याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण अंटार्क्टिकातल्या क्रिलचं आहे, क्रिल म्हणजे कोळंबीसारखा बारका जीव, पेंग्विन, सील, देवमासे सगळे त्यावर जगतात. तिथं देशांनी मिळून नियम केलाय की पकड इतकीच ठरवायची की २० वर्षांत कधीही क्रिलचा अंडी घालणारा साठा मूळच्या २०% च्या खाली जायची शक्यता १०% पेक्षा जास्त नको. म्हणजे क्रिल किती आहे हे नक्की माहीत नाही हे आधीच मान्य केलंय, मग कॉम्प्युटरवर वेगवेगळे अंदाज धरून हजारो वेळा ती २० वर्षं चालवून बघतात आणि दहातल्या एकापेक्षा जास्त वेळा साठा बुडत असेल तर पकड कमी करतात. माहिती जितकी कच्ची तितके अंदाज फाकतात, आणि पकड आपोआप कमी निघते, मला हे फार न्याय्य वाटतं. शिवाय पेंग्विन आणि देवमाशांसाठी वेगळा वाटा काढून ठेवतात.

आणि हे आधी ठरवून ठेवणं महत्त्वाचं. आपल्याकडं जायकवाडीचं बघा की, १५ ऑक्टोबरला साठा ६५% च्या खाली असला तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं हे सूत्र कागदावर आहे म्हणून निदान भांडायला एक आकडा तरी आहे, नाहीतर ऐन टंचाईत बसून ठरवायला गेलं तर ज्याचा आवाज मोठा त्याचंच पाणी.

पण काही ठिकाणी शक्यता काढायलाही माहिती नसते, तिथं मी वेगळा प्रश्न विचारतो, चूक झाली तर परत फिरता येईल का? १९८९ मध्ये पेरूजवळच्या खोल समुद्रात शास्त्रज्ञांनी मुद्दाम तळ नांगरून बघितला होता, तळावर पडलेले धातूचे गोळे काढायचं खाणकाम झालं तर काय होईल हे बघायला, आणि २६ वर्षांनी परत गेले तर नांगराचे ते तास, म्हणजे चर, जसेच्या तसे दिसत होते. आपल्या रानातला तास एका पावसात मोडतो. अशा जागी "नुकसान होतं हे आधी सिद्ध करा" म्हणण्यापेक्षा "होत नाही हे तुम्ही दाखवा" असं म्हणणं मला बरोबर वाटतं, भारतालाही हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटरचा पट्टा या गोळ्यांसाठी मिळालेला आहे, त्यामुळं हा प्रश्न लांबचा नाही.

तुम्ही शेवटी विचारलंय की छोट्या मच्छीमाराचं पोट मारून हे का करायचं. हा मुद्दा एकदम खरा आहे, मर्यादा चुकली की पहिला फटका त्यालाच, आणि मर्यादा घातलीच नाही तरी शेवटचा फटकाही त्यालाच, न्यूफाउंडलंडमध्ये तेच झालं. म्हणून ज्या नियमाला समुद्रातला एकूण आकडा माहीत असायची गरजच नाही असे नियम मला जास्त भरवशाचे वाटतात. पापलेट हा आपला राज्यमासा, तो १३५ मिलिमीटरपेक्षा लहान धरायचा नाही, कारण त्यानं निदान एकदा तरी अंडी घातलेली असावीत. लातूरच्या बाजारात बर्फातलं पापलेट येतं तेव्हा मी खिशातला मोबाईल शेजारी धरून बघतो, बराच लहान निघाला तर घेत नाही आणि विकणाऱ्या मावशींना का ते सांगतो, मागच्या महिन्यात त्यांनी स्वतःच एक बाजूला ठेवला होता.