छोट्या अमेरिकी शहराची लोकसंख्या पुन्हा वाढली, म्हणजे तिथली कुटुंबे श्रीमंत झाली का?

तसे म्हणता येत नाही, आणि पेनसिल्व्हेनियातील हॅझलटन हे त्याचे बोलके उदाहरण आहे. कोळशाच्या खाणींवर उभे राहिलेले हे शहर 1940 साली सुमारे 38 हजार वस्तीचे होते. खाणी बंद पडत गेल्या आणि 2000 पर्यंत तिथे जेमतेम 23 हजार लोक उरले. त्यानंतर न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीतील महागड्या घरभाड्यांना कंटाळलेली, बहुतांशी डॉमिनिकन (कॅरिबियनमधील डॉमिनिकन रिपब्लिक या स्पॅनिशभाषक देशातील) वंशाची कुटुंबे इथली स्वस्त घरे आणि महामार्गांलगतच्या गोदामांतील नोकऱ्या पाहून येऊ लागली, त्यामुळे 2020 च्या जनगणनेत लोकसंख्या 30 हजारांच्या जवळ पोहोचली आणि 2000 मध्ये सुमारे 5 टक्के असलेला हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक देशांत मूळ असलेल्या लोकांचा, वाटा 60 टक्क्यांच्या पुढे गेला.

उत्पन्नाचे गणित मात्र वेगळे आहे. गोदामांतील वेतन बेताचेच असते. शिवाय जनगणना खाते एका घरात राहणाऱ्या सर्वांची मिळकत एकत्र मोजते, त्यामुळे कमावणारे हात वाढले की कोणाचाही पगार न वाढता कौटुंबिक उत्पन्न वाढलेले दिसते.