लिफूला उतरताच आलं नाही, आता पैसे परत मिळतील का? (आणि क्रूझचे बाकीचे प्रश्न)

गेल्या अंकात क्रूझबद्दल विचारा म्हटलं आणि तुम्ही भरभरून विचारलंत. सगळे प्रश्न वाचताना एक जाणवलं की आपण बुकिंग करताना मधल्या बेटांचे फोटो बघून भुलतो, आणि ती बेटं तर समुद्राच्या मर्जीवर असतात. आपल्या हातात काय असतं तर कुठल्या शहरातून निघायचं, केबिन कुठली घ्यायची, विमा कुठला काढायचा आणि कागदावर नाव कसं लिहायचं. मी ब्रिस्बेनला राहते, दरवर्षी एक तरी क्रूझ होतेच, त्यामुळे जे सांगते ते अनुभवाचं आहे.

प्रश्न : ताई, आम्ही सिडनीहून नऊ रात्रींची क्रूझ केली. न्यू कॅलेडोनियातलं नुमेआ आणि लिफू बेट, मग वानुआतूचं मिस्टरी आयलंड असं होतं. लिफूच्या दिवशी सकाळी कॅप्टनने सांगितलं स्वेल (समुद्राची उसळी) जास्त आहे, कोणी उतरणार नाही. दिवसभर नुसते समुद्रात. नंतर आमच्या अकाउंटला थोडेसे डॉलर जमा झाले, बस. मुलं रडवेली झाली होती. ही फसवणूक नाही का? (एक वाचक, पॅरामॅटा)

वाईट वाटणं साहजिक आहे, मुलांनी तर महिनाभर स्नॉर्कलिंगची स्वप्नं बघितली असणार. पण फसवणूक नाही म्हणता येणार, कारण बुकिंगच्या अटींमध्ये सगळ्याच कंपन्या लिहून ठेवतात की हवामान किंवा सुरक्षेसाठी पोर्ट बदलू किंवा गाळू शकतो. जे थोडे डॉलर जमा झाले ते बहुतेक त्या पोर्टचे चार्जेस असतील. शिपकडून टूर घेतली असेल तर तिचे पैसे आपोआप परत येतात, बाहेरून परस्पर बुक केली असेल तर ते त्या टूरवाल्यावर आहे, म्हणून बाहेरची टूर घेताना आधीच लेखी विचारून घ्या की शिप आलीच नाही तर पूर्ण पैसे परत देणार का, चांगले लोक हो म्हणतात.

आता लिफूचं का होतं ते सांगते. तिथे मोठ्या शिपला लागायला धक्काच नाही, शिप बाहेर थांबते आणि छोट्या बोटीने, ज्याला टेंडर म्हणतात, आपल्याला किनाऱ्यावर नेतात. एकदा आमचंही लिफू गेलं तेव्हा मी खालच्या डेकवरून बघत होते. त्यांनी एक बोट रिकामीच खाली सोडून ट्राय केली, खलाशी दोर धरून उभा, आणि बोट अशी वरखाली होत होती की शिपची पायरी आणि बोटीचा काठ यात घडीत वीतभर अंतर आणि घडीत पुरुषभर. तिथून सत्तरीच्या आजींना कोण उतरवणार? तो खलाशी मान हलवून बोट परत वर घ्यायला सांगत होता ते बघितलं आणि माझी सगळी कुरकुर तिथेच संपली.

म्हणून बुक करतानाच बघा की किती पोर्टं टेंडरची आहेत. लिफू, मारे, आयल ऑफ पाइन्स, मिस्टरी आयलंड, शॅम्पेन बे, फिजीचं द्राव्हुनी ही सगळी टेंडरची. नुमेआ, पोर्ट व्हिला, लुगनव्हिल, सुवा, लौटोका इथे शिप धक्क्याला लागते. आपल्या ऑस्ट्रेलियात एअर्ली बीच टेंडर, तांगालूमा टेंडर, पण होबार्ट, बर्नी धक्का. ईडनला पूर्वी टेंडर होतं, २०१९ मध्ये धक्का वाढवल्यापासून थेट उतरता येतं. सात-आठ रात्रींच्या क्रूझमध्ये तिन्ही पोर्टं टेंडरची असतील तर एखादं जाईल असं धरूनच चला, निदान एक धक्क्याचं असलेली इटिनररी, म्हणजे पोर्टांचा कार्यक्रम, घ्या.

आणि नुसतं हवामानच नाही. मे २०२४ मध्ये न्यू कॅलेडोनियात दंगली झाल्या आणि नुमेआच्या फेऱ्या बदलल्या, मग १७ डिसेंबर २०२४ ला पोर्ट व्हिलाजवळ ७.३ रिश्टरचा भूकंप झाला, शहराचं केवढं नुकसान झालं, तेव्हा तिथे कोण कशाला सहलीला जाणार होतं. नोव्हेंबर ते एप्रिल सायक्लोनचा सीझन आणि नेमका तोच आपल्या क्रूझचाही सीझन.

एक मात्र लक्षात असू द्या, अटीत लिहिलंय म्हणजे आपल्याला काहीच हक्क नाही असंही नाही. २०१३ मध्ये युरोपात पूर आले तेव्हा रिव्हर क्रूझच्या ऑस्ट्रेलियन प्रवाशांना बोटीऐवजी बरेच दिवस बसमधून फिरवलं होतं, ते प्रकरण पार हायकोर्टापर्यंत गेलं (इथलं हायकोर्ट म्हणजे देशातलं सगळ्यात वरचं कोर्ट) आणि २०२० मध्ये कोर्टाने सांगितलं की सुट्टीचा विरस झाला याचीही भरपाई मागता येते. पण तिथे अख्खी क्रूझच वाया गेली होती. एका दिवसाच्या लिफूसाठी तेवढं ताणण्यात अर्थ नाही, नम्रपणे लिहून पुढच्या बुकिंगवर काही ऑनबोर्ड क्रेडिट (शिपवर खर्चायचे पैसे) देता का विचारा, कधीकधी देतात.

मिस्टरी आयलंड मिळालं ना तुम्हाला, ते ऐकून बरं वाटलं. मला ते बेट फार आवडतं. तिथे कोणी राहत नाही, शिप आली की समोरच्या अनेतीयम बेटावरून बायका-माणसं होड्यांनी येऊन दुकानं मांडतात, मधोमध गवताची विमानाची धावपट्टी, झाडाखाली एक आजी पोरींच्या वेण्या घालत बसलेल्या. ऑस्ट्रेलियन डॉलर घेतात, पण सुटे न्या, पन्नासची नोट दिली की त्यांना मोड द्यायला चार दुकानं पालथी घालावी लागतात.

प्रश्न : आम्ही मेलबर्नला. इथल्या क्रूझच्या धक्क्यावरून, स्टेशन पियरवरून, आता शिपा कमी झाल्यात असं ऐकलं. मग सिडनी की ब्रिस्बेन? विमानाचा खर्च आलाच ना. (वाचक, टारनीट)

बरोबर ऐकलंत. व्हिक्टोरिया राज्याने पोर्टची फी वाढवली, त्यानंतर प्रिन्सेस आणि क्युनार्ड या दोन क्रूझ कंपन्यांनी २०२५-२६ च्या सीझनपासून मेलबर्नला शिप ठेवणार नाही असं सांगितलं. वाईट झालं, कारण १०९ नंबरची ट्रॅम पकडून बॅगा घेऊन थेट पियरजवळ उतरायचं हे सुख बाकी कुठे नाही. अजूनही काही शिपा तिथून निघतात, त्या आधी बघा.

सिडनी की ब्रिस्बेन, तर पॅसिफिकची बेटं करायची असतील तर मी ब्रिस्बेन म्हणेन, नुमेआ इथून जवळ पडतं, तेवढा समुद्रातला वेळ वाचतो. पण ब्रिस्बेनचं टर्मिनल लगेज पॉइंटला आहे, २०२२ मध्ये सुरू झालं, छान प्रशस्त आहे पण ट्रेन नाही बस नाही, एअरपोर्टहून टॅक्सी नाहीतर आधी बुक केलेली शटल. उतरायच्या दिवशी सकाळी टॅक्सीची लाइन बघून घाम फुटतो, परतीचं विमान दुपारी एकच्या आधीचं घेऊ नका.

सिडनीत दोन जागा आहेत हे मात्र नीट बघा. सर्क्युलर कीला ट्रेनमधून उतरलं की समोर शिप. आणि दुसरं व्हाइट बे, ते हार्बर ब्रिजच्या पलीकडे, त्यामुळे पुलाखालून जाऊ शकतील अशाच शिपा तिथे लागतात, आणि तिथे चालत जायची सोय नाही. तिकिटावर सिडनी एवढंच वाचून सर्क्युलर कीला बॅगा घेऊन उभे राहिलेले लोक मी बघितलेत, तोंडचं पाणी पळालेलं. आणि विमानाने जाणार असाल तर आदल्या दिवशीच जाऊन राहा, एका रात्रीचे हॉटेलचे पैसे वाचवायला जाऊन अख्खी क्रूझ घालवू नका, शिप आपल्यासाठी थांबत नाही.

सिडनीच्या बाजूने एकच सांगते, संध्याकाळी शिप ऑपेरा हाऊससमोरून निघून हेड्समधून (हार्बरच्या तोंडाशी असलेल्या दोन कड्यांमधून) बाहेर पडते ते आयुष्यात एकदा तरी वरच्या डेकवर उभं राहून बघावं.

प्रश्न : गॅरंटी केबिन खूप स्वस्त मिळतेय, घेऊ का? नवऱ्याची झोप फार हलकी आहे. (वाचक, ॲडलेड)

मग नका घेऊ. गॅरंटी म्हणजे टाइप ठरलेला, इनसाइड (बिनखिडकीची) म्हटलं तर इनसाइड, पण कुठली ते कंपनी देईल. बऱ्याचदा काही वाईट नसतं आणि कधी वरची कॅटेगरीही मिळून जाते, पण हलकी झोप असणाऱ्याने हा जुगार खेळू नये.

डेक प्लॅन उघडा आणि आपल्या केबिनच्या वर आणि खाली काय आहे ते बघा, शेजारी काय आहे ते नंतर. वर पूल डेक असेल तर पहाटे पाचला खुर्च्या ओढल्याचा आवाज, खाली थिएटर असेल तर रात्री अकरापर्यंत धडाम धुडूम. वरखाली दोन्हीकडे केबिनच असतील ती जागा सगळ्यात शांत. पुढच्या टोकाला खालच्या डेकवर घेतलीत आणि इटिनररीत नांगर टाकायची पोर्टं असली तर सकाळी सहाला नांगराच्या साखळीचा असा खडखडाट होतो की वाटतं शिप आपटली कुठेतरी. दोन केबिनमध्ये दार असलेली कनेक्टिंग केबिन पण टाळा, पलीकडच्यांचं घोरणंसुद्धा ऐकू येतं. मधल्या भागात, खालच्या-मधल्या डेकवर घ्या, तिथे हेलकावेही कमी.

आणि भाव. फायनल पेमेंट साधारण तीन महिने आधी असतं, तोपर्यंत दर आठवड्याला एकदा भाव बघत जा, उतरला तर फोन करा. पण एजंटकडून बुक केलं असेल तर कंपनी तुमच्याशी बोलणार नाही, सगळं एजंटमार्फतच. आमच्या एका एजंटने फोनच उचलले नाहीत आणि तेवढ्यात तो भाव गेला, तेव्हापासून मी एजंट निवडताना आधी एकदा विनाकारण फोन करून बघते उचलतो का. भाव बघताना टिप्स धरून आहे का आणि शिपवरचं बिल ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये की अमेरिकन हेही विचारा, दोन क्रूझची तुलना त्याशिवाय होत नाही.

प्रश्न : आई ७४ वर्षांची, बीपी आहे, गुडघे दुखतात. कोस्टल क्रूझ आहे म्हणजे मेडिकेअर (सरकारी आरोग्य योजना) चालेलच ना? (वाचक, ब्रिस्बेन)

नाही, असं धरून अजिबात चालू नका. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारी असली तरी शिपवरच्या डॉक्टरचं बिल मेडिकेअर सहसा देत नाही, प्रायव्हेट हेल्थ इन्शुरन्सही नाही, आणि मधेच हेलिकॉप्टरने हलवायची वेळ आली तर आकडा ऐकूनच चक्कर येईल. ट्रॅव्हल इन्शुरन्स घ्या आणि त्यात क्रूझचं कव्हर वेगळं टिक करा, नुसत्या साध्या पॉलिसीत ते बऱ्याचदा नसतं. आणि बीपी लपवू नका, आधीचा आजार सांगून लेखी कव्हर घ्या, नाहीतर ऐन वेळी ते हात वर करतात.

आईला जरूर न्या. गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा, मोठी बॅग केबिनला यायला संध्याकाळ होते. टेंडरच्या पोर्टला गुडघ्यांचं बघून ठरवा, नाही उतरल्या तरी त्या दिवशी शिप रिकामी असते, डेकवर हवी ती खुर्ची आणि गरम चहा, माझ्या सासूबाईंना तोच दिवस सगळ्यात आवडला होता. मळमळीची गोळी डॉक्टरला विचारून, आणि उलटी सुरू व्हायच्या आधी घ्यायची, नंतर उपयोग नाही.

प्रश्न : न्यूझीलंडची क्रूझ घेतली. आम्ही ऑस्ट्रेलियाचे पीआर (कायमचे रहिवासी) आहोत पण पासपोर्ट भारताचा. व्हिसा लागेल का? (वाचक, पर्थ)

शिपनेच जाऊन शिपनेच परत येणार असाल तर एनझेडईटीए (न्यूझीलंडची ऑनलाइन प्रवास-परवानगी) काढा, मोबाइलवर होतं. ऑस्ट्रेलियन पासपोर्टवाल्यांना तेही लागत नाही. बाकीच्यांना त्यासोबत १०० न्यूझीलंड डॉलरची लेव्ही असते, ऑस्ट्रेलियाच्या पीआरना ती माफ आहे, पण फॉर्ममध्ये पीआर आहात हे नीट भरा. शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

आणि आपल्या मराठी लोकांचा हमखास घोळ म्हणजे नाव. पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात नवऱ्याचं किंवा वडिलांचं नावही असतं, आणि बुकिंग करताना आपण नुसतं आपलं नाव आणि आडनाव टाकतो. माझं असंच झालं होतं, काउंटरवरची मुलगी पासपोर्ट बघते, स्क्रीन बघते, परत पासपोर्ट बघते, मग सुपरवायझरला बोलावलं, मागे सगळी लाइन खोळंबलेली. चाळीस मिनिटांनी सोडलं तेव्हा जीव भांड्यात पडला. पासपोर्टवर जसं आहे तसंच्या तसं टाका, बुकिंगमध्येही आणि एनझेडईटीएमध्येही.

उतरताना शिपवरचं सफरचंद, केळं पर्समध्ये राहिलेलं नाही ना ते बघा, न डिक्लेअर केलेल्या फळाला न्यूझीलंडमध्ये ४०० डॉलर दंड आहे आणि कुत्रा वास घेत येतोच. घरचे लाडू-चिवडा नेलेत तर ते शिपवरच संपवा, किनाऱ्यावर नेऊ नका.

प्रश्न : शिपचा टाइम आणि मोबाइलचा टाइम वेगळा का दाखवतो? (वाचक, गोल्ड कोस्ट)

कारण मोबाइल किनाऱ्यावरचं नेटवर्क पकडून आपोआप तिथली वेळ घेतो. नुमेआ क्वीन्सलंडच्या एक तास पुढे आहे, आणि शिपने घड्याळ बदललं नसेल तर गोंधळ होतो. पोर्टवर उतरताना साधं मनगटी घड्याळ शिपच्या वेळेला लावून घाला आणि परत यायची वेळ त्यावरच बघा. आणि समुद्रात असताना फोन फ्लाइट मोडवर, नाहीतर शिपच्या नेटवर्कचं रोमिंग घरी गेल्यावर बिलात दिसतं.